हिरवा जरा डार्क करा!

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी सारख्या साठत असतात. कॉम्प्युटरमध्ये उपग्रहाचे फोटो आणि डोक्यात किस्से. फोटोंनी डिस्क भरली की जुनं काहीतरी उडवता येतं. किस्स्यांचं तसं नाही. एखादा विसरायला आला, की कुणीतरी साहेब नवा घडवतो! आणि गंमत म्हणजे सांगायला लागले की ऐकणारे हसतात. मला मात्र सांगतानासुद्धा राग येतो. तेव्हा तुम्ही हसा, माझी हरकत नाही, पण मी रागातच सांगणार.

काम तसं सोपं आहे. शहापूर आणि मुरबाड चहूबाजूंनी पसरत चालली आहेत. कुठे बंगल्यांची स्कीम, कुठे गोडाऊन, कुठे रिसॉर्ट. या पसाऱ्यात आणि आसपासच्या डोंगरांवर झाडोरा किती उरलाय, तो उपग्रहाच्या फोटोंवरून मोजायचा आणि नकाशा करून द्यायचा. ज्या कार्यालयाने काम दिलं त्याचं नाव घेत नाही. तिथले साहेब म्हणजे साहेब, एवढं पुरे.

आमची टीम तीन माणसांची. शहापुरात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमची खोली. देसले सर मालक. माणूस देवमाणूस, पण साहेबांचा फोन आला की खुर्चीतून उभं राहून बोलणार. मी मुरबाडची, सुवर्णा. नकाशे मी करते. आणि पांडूदादा, आमच्या जीपचा ड्रायव्हर, उंबरमाळीकडचा. वयाने आम्हा सगळ्यांत मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा!

*

पहिला नकाशा घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो तो दिवस.

महिनाभर खपून केला होता. टेबलावर पसरला. साहेबांनी चष्मा लावला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "फिका वाटतोय."

मी म्हटलं, "सर, जिथे झाडोरा विरळ आहे तिथे फिका हिरवा आहे. जिथे दाट आहे तिथे गडद."

"ते कळलं हो. पण एकूण फिका वाटतोय. हिरवा जरा डार्क करा."

मला वाटलं प्रिंटबद्दल बोलतायत. परत आले, प्रिंटरची शाई बदलली, नवा कागद घेतला, पुन्हा छापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"अजून फिकाच आहे," साहेब म्हणाले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी दुसऱ्याच कुठल्यातरी तालुक्याचा नकाशा काढला. तो इतका हिरवा, की जणू शेवाळात बुडवून काढलेला. "हे बघा! यांचा किती छान आलाय! वर मीटिंगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी लावणार आहेत. आपला असा दिसला तर काय म्हणतील?"

मी म्हटलं, "सर, तो हिरवा करायचा तर झाडं लावावी लागतील."

देसले सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

साहेब मात्र चिडले नाहीत. अगदी समजुतीने म्हणाले, "मॅडम, झाडांना वेळ लागतो. रंग लगेच बदलतो!"

*

मग आलं ते रिसॉर्टचं प्रकरण.

मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला, वैशाखरेच्या अलीकडे. जुन्या फोटोत तिथे आंब्यांची आणि मोहांची चांगली राई दिसायची. माझ्या वडिलांनी लहानपणी तिथे दगड मारून कैऱ्या पाडलेल्या. नव्या फोटोत मात्र आमच्या नकाशावर तो तुकडा कोरडा ठाक.

साहेबांकडून पत्र आलं. रिसॉर्टच्या मालकाची तक्रार आहे, त्यांची जागा संपूर्ण हिरवी असताना नकाशात ओसाड दाखवली आहे, जागेवर जाऊन खात्री करा.

गेलो. मालकांनी स्वतः स्वागत केलं, कोकम सरबत दिलं, आणि मागच्या बाजूला नेलं. काय सांगू! खरंच हिरवंगार. पार कुंपणापर्यंत. एका बाजूला क्रिकेट, एका बाजूला लग्नाचा मंडप.

मी वाकून हात लावला. प्लास्टिक!

आता इथे थोडं समजावून सांगावं लागतं. जिवंत पान एक असा प्रकाश परत फेकतं, जो आपल्याला दिसत नाही, पण उपग्रहाला दिसतो. त्यावरून त्याला कळतं की इथे काहीतरी जगतंय. प्लास्टिक कितीही हिरवं असलं तरी ते जिवंत पानासारखं चमकत नाही. माणूस फसतो, उपग्रह फसत नाही. हे सगळं मी मालकांना नीट सांगितलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, एक सांगू? तुमच्या झाडांना पाणी लागतं, खत लागतं, पानं गळतात, पाखरं घाण करतात. हे बघा, बारा महिने हिरवं. पाण्याचा थेंब लागत नाही. पर्यावरणाला चांगलं कोण, सांगा!"

मी विचारलं, "इथे आंबे होते ना? मोह होते?"

"होते ना," ते अभिमानाने म्हणाले, "आतली सगळी टेबलं त्याचीच आहेत. बसून बघा, काय लाकूड आहे!"

मी बसले नाही. सरबतही तसंच ठेवलं. पांडूदादाने मात्र त्याचं संपवलं होतं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाला, "मॅडम, चिडू नका. मला फक्त एवढंच सांगा, त्या गवतावर बकरी सोडली तर ती मरंल का मालक मरंल?"

*

हा किस्सा माझ्या स्वतःच्या अपमानाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

एका मोठ्या बैठकीत नकाशा समजावून द्यायचा होता. देसले सर तापाने आजारी. म्हणून मी आणि पांडूदादा गेलो. नकाशाची गुंडाळी लांबलचक, ती उचलायला म्हणून पांडूदादा आत आला आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कारण संध्याकाळी त्याला साखरपुड्याला जायचं होतं.

मी बोलायला सुरुवात केली. पहिला प्रश्न आला. विचारणाऱ्याने माझ्या डोक्यावरून बघत पांडूदादाला विचारला.

उत्तर मी दिलं.

दुसरा प्रश्न. पुन्हा पांडूदादाला! उत्तर पुन्हा मी दिलं. तिसऱ्या वेळी तर एकजण म्हणाले, "थांबा मॅडम, जरा सरांना बोलू द्या. सर, हा उपग्रह किती दिवसांनी आपल्या भागावरून जातो?"

माझी कानशिलं तापली. सात वर्षं मी हे काम करतेय. शिकायला मुरबाडहून पहाटेची एसटी पकडून कल्याण, कल्याणहून पुढे. परत आल्यावर अंधारात जेवण. आणि इथे मी समोर उभी असताना मला 'थांबा'!

पांडूदादा भिंतीपासून सुटला. दोन पावलं पुढे आला. शर्ट नीट केला.

"सायेब," तो म्हणाला, "मी जीप चालवतो. उपग्रह मॅडम चालवतात!"

*

उपग्रह फसत नाही असं मी मगाशी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आता तो फसतो कसा तेही सांगायला हवं.

एका वस्तीच्या मधोमध तळं. पूर्वी तिथे गणपती बुडायचे, पोरं पोहायची. आता सगळ्या गटारांचं पाणी त्यात येतं. नकाशात ते तळं आलं गडद हिरवं. इतकं गडद, की अख्ख्या वस्तीत तेवढाच तुकडा उठून दिसत होता.

कारण उघड होतं. जलपर्णी! घाण पाण्यावर ती अशी माजते, की तळं आहे की कुरण आहे कळत नाही. आणि ती जिवंत असते, त्यामुळे उपग्रहाच्या दृष्टीने झाड काय आणि जलपर्णी काय, सारखंच. अशा जागा आम्ही बघून, पारखून बाजूला काढतो. तशी हीही काढली आणि अहवालात लिहिलं की हे तळं आजारी आहे, गटारं थांबवा आणि जलपर्णी काढा.

जागेवर गेले तेव्हा काठावर एक बाई कपड्यांचा पिळा घेऊन बसल्या होत्या. धूत नव्हत्या, नुसत्या बसलेल्या. मी विचारलं, "इथे धुता?"

"धूत होतो गो. आता हंडाभर पाणी घरी आणून धुवायचं. इथं बसायची सवय गेली नाय, म्हणून बसतंय. मच्छरांनी फोडून काढलंय घरात. दोघांना ताप हाय."

हे सगळं डोक्यात घेऊनच मी साहेबांसमोर गेले. त्यांनी अहवाल वाचला. पहिल्यांदाच अगदी मन लावून. एक पान मागे गेले, एक पान पुढे आले.

"म्हणजे हे तळं धरलं असतं तर आपली हिरवळ वाढली असती?"

"हो सर, पण ती खरी हिरवळ नाही. ती जलपर्णी आहे."

"पण उपग्रहाला ती हिरवळ दिसते?"

"दिसते, पण..."

साहेबांनी बेल वाजवून क्लार्कला बोलावलं. "ते तळं साफ करायचं टेंडर निघणार होतं ना? थांबव ते. उगाच हिरवळ कमी कशाला करायची!"

*

रोपं लावायचा मोठा कार्यक्रम झाला होता. कुणी केला ते सांगत नाही, पण फोटो सगळीकडे होते. हार, टोप्या, एका रोपाला आठ हात. त्यातली रोपं जगली का, एवढं आम्ही जागेवर जाऊन बघायचं होतं. प्रत्येक रोपाची जागा अक्षांश-रेखांशासकट लिहून दिलेली फाईल आमच्याकडे आली.

मी फाईल नकाशावर टाकली. शेकडो रोपं, आणि नकाशावर ठिपका एकच!

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा टाकली. पुन्हा एकच ठिपका. मग आकडे नीट वाचले. सगळ्या रोपांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. म्हणजे सगळी रोपं एकाच खड्ड्यात लावलेली!

"जाऊन तर बघू," देसले सर म्हणाले. तेही त्या दिवशी सोबत आले.

ठिपका होता कसाऱ्याकडे जाणाऱ्या हायवेला. जागा दाखवणारं यंत्र हातात धरून आम्ही तिघं चालत निघालो. पन्नास पावलं, चाळीस पावलं, वीस पावलं. यंत्राने आम्हाला एका हॉटेलच्या दारातून आत नेलं, कॅश काउंटरवरून वळवलं आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आणून उभं केलं.

टेबलावर एक कुटुंब मिसळ खात होतं. ते आमच्याकडे बघायला लागले, आम्ही टेबलाखाली बघायला लागलो.

काउंटरवरच्या मावशी उठून आल्या. "काय हरवलंय का?"

देसले सर म्हणाले, "झाडं."

मावशींना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "ते व्हय! आली होती की माणसं. दोघं होते. इथंच बसून मोबाईलवर सगळं भरलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. चार वेळा चहा झाला, मग जेवले. ऊन फार हाय, डोंगरात कोण चढंल, बोलत होते."

"आणि रोपं?"

"रोपं टेंपोत होती. ती दोन बघा, मला देऊन गेले," असं म्हणून त्यांनी दारातल्या दोन कुंड्या दाखवल्या. एकीत तगर होती, एकीत काहीच नव्हतं.

देसले सर खरंच हवालदिल झाले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता फॉर्ममध्ये काय लिहायचं? जगली का मेली, दोनच रकाने आहेत."

पांडूदादा मिसळीच्या ताटांकडे बघत होता. म्हणाला, "दोन्ही नका लिहू सर. पचली, लिहा!"

*

भोईरबाईंची चिंच मात्र माझ्यामुळे संकटात आली.

भोईरबाई म्हणजे आमच्या मुरबाडच्या निवृत्त शिक्षिका. मला चौथीला होत्या. त्यांच्या दारात चिंचेचं झाड, अगदी रस्त्याला लागून. शाळा सुटल्यावर अर्धा वर्ग त्या झाडाखाली. बाईंचा नियम एकच, पडलेली चिंच खायची, झाडाला दगड मारायचा नाही.

एके सकाळी बाईंचा फोन. "सुवर्णा, तू नकाशे करतेस ना? लवकर ये. तुझाच नकाशा घेऊन कोण आलाय बघ."

धावत गेले. गटाराचं काम घेतलेला ठेकेदार दोन माणसं आणि करवत घेऊन उभा. गटार सरळ न्यायचं, मध्ये चिंच येते. बाईंनी परवानगीचा कागद मागितला, तर त्याने आमच्या नकाशाची झेरॉक्स पुढे केली.

"हे बघा बाई, सरकारी नकाशा. या जागी झाडच नाही. जे झाड नाही, ते तोडायला परवानगी कसली?"

मी झेरॉक्स हातात घेतली. तो म्हणत होता ते खरं होतं. आमचे फोटो ज्या उपग्रहाचे आहेत, त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. एका बाजूला डांबर, एका बाजूला बाईंचे पत्रे, मधे एकटी चिंच. सगळं मिसळून तो ठिपका राखाडी झाला होता. नकाशाच्या खाली मी बारीक अक्षरात लिहिलंही होतं की एकटी झाडं यात दिसणार नाहीत. झेरॉक्स काढताना नेमकी तेवढीच पट्टी कापली होती!

मी ओरडलेच. "अहो, डोळ्यासमोर झाड आहे! त्याच्या सावलीत उभे राहून बोलताय तुम्ही!"

"मॅडम, डोळ्यांवर काम चालत नाही. कागदावर चालतं. नकाशा तुमचाच ना? खाली नाव तुमच्याच ऑफिसचं आहे ना?"

स्वतःच्याच हातची थप्पड बसली होती. करवतवाला एक पाऊल पुढे आला.

भोईरबाई खोडाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "आण तो नकाशा." चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. वर्गात वह्या तपासायच्या तशा सावकाश बघितलं. मग विचारलं, "यात तू कुठे आहेस रे?"

"मी? मी कशाला असेन बाई नकाशात?"

"नाहीस ना?" बाई म्हणाल्या. "मग तुला इथनं हलवायला परवानगी कुणाची घेऊ?"

गल्लीत हशा पिकला. शेजारचे दोघंतिघं येऊन झाडाखाली बसले. दुपारपर्यंत पंधरा-वीस जण झाले. ठेकेदार करवत घेऊन गेला तो गेलाच. गटार आता चिंचेला वळसा घालून जातं. आणि मी नकाशावरची ती सूचना बारीक अक्षरात लिहायची सोडली. आता मधोमध लिहिते, जाड अक्षरात.

*

आणि आता डोळखांबकडच्या पाड्याचं सांगते.

साहेबांच्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, फोटो एकाच तारखेचे घ्या, आणि ती तारीख होती एप्रिलची. पावसाळ्यात ढग असतात, उन्हाळ्यात आकाश साफ, एवढाच त्यातला विचार. मी देसले सरांना म्हटलं, "सर, एप्रिलमध्ये आपल्या डोंगरांवर पान नसतं. साग उघडा, मोह उघडा, पळस उघडा. दिवाळीच्या सुमाराचा फोटोही जोडीला घेऊया." सरांनी उभं राहून फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "दुसरी तारीख घेतली तर दुसरी फाईल करावी लागेल. आहे त्यात भागवा."

भागवलं. मीच भागवलं, दुसरं कुणी नाही. डोळखांबच्या बाजूचा एक अख्खा डोंगर पिवळ्या रंगात आला. पिवळ्याचा अर्थ खाली लिहिलेला, 'रिकामी जागा'.

कच्चा नकाशा साहेबांच्या कार्यालयाबाहेर बोर्डावर लागला. आठवड्याभरात पांडूदादा बातमी घेऊन आला. "मॅडम, त्या डोंगरावर चुन्याच्या रेघा मारल्यात. गाड्या घेऊन कोनी कोनी येऊन बघून जातायत. रिकामी जागा हाय बोलतात, काहीतरी मोठं बांधणार."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन पांडूदादाबरोबर पाड्यावर गेले. ठाकर आदिवासींची पंचवीस-तीस घरं. ठमीबाईच्या अंगणात बसलो. साठीची बाई, कोपरापर्यंत गोंदलेली, पाड्यावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. मी स्क्रीनवर डोंगर दाखवला.

"ह्यो पिवळा काय?"

"रिकामी जागा दाखवलीय."

"कोनी दाखवली?"

पांडूदादा दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी."

ठमीबाईने लॅपटॉप बाजूला सारला. मग विचारलं, "तू कवा आली होतीस हितं?"

"आले नव्हते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "उन्हाळ्यात झाड पानं टाकतंय. बाई न्हायला बसली तर लुगडं काढून ठेवते. म्हंजे ती घरातनं गेली काय गो?"

मी सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही. नकाशा कच्चा आहे, त्यावर हरकत घेता येते. अर्ज मी लिहिते, अंगठे तुम्ही द्या, चूक माझी आहे असंही मी त्यात लिहिते. फक्त अर्जाबरोबर पुरावा जोडावा लागतो.

"पुरावा म्हंजे?"

"म्हणजे तिथे काहीतरी आहे हे दाखवायचं. साहेबांच्या समोर ठेवता येईल असं काहीही."

"समोर ठेवायचं," ठमीबाई म्हणाली. "बरं."

मी आपली दिवाळीचे फोटो गोळा करत बसले. तेच पुरावा म्हणून नेणार होते.

सुनावणी मे महिन्यात, भर दुपारी. वरच्या मजल्यावर मोठं टेबल, त्यावर आमचा नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट. साहेब मधे, बाजूला क्लार्क नोंदवही उघडून. मी माझे फोटो काढायला लागले तर साहेबांनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या. तुम्ही बसा. अर्जदार कोण आहे? पुरावा आणलाय?"

दारातून ठमीबाई आत आली. डोक्यावर पाटी. ती तिने उतरवली आणि सरळ नकाशावर ठेवली. सुकलेली मोहाची फुलं, काठोकाठ. खोलीभर वास सुटला.

तिच्यामागून दुसरी आली. तिने पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं ठेवली. तिसरीने चारोळीची फळं, चौथीने डिंकाचे खडे, पाचवीने हिरडे, सहावीने कुड्याची फुलं. एकीने पत्रावळ्यांचा गठ्ठा ठेवला. एकीने लाकडाची मोळी आणून टेबलाला टेकवली. एक ठेवायची, बाजूला व्हायची, पुढची यायची. पिवळा डोंगर कधीच झाकला होता. आता शहापूर झाकलं, मुरबाड झाकलं. एक पेपरवेट खाली पडून गडगडत गेला. नकाशाचा कागद कुठे दिसेना.

साहेब खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. "अरे काय चाललंय हे? हे काय आहे सगळं?"

ठमीबाई म्हणाली, "रिकामी जागा."

क्लार्कने पेन उघडलं, साहेबांकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. "साहेब, नोंदवहीत काय लिहू?"

साहेबांची नजर दाराकडे गेली. दारात अजून बायका उभ्या होत्या, डोक्यावर पाट्या घेऊन, जिन्यावरून खाली रांग गेलेली.

ठमीबाईने पदराने कपाळ पुसलं आणि क्लार्कला म्हणाली, "लिव बाबा, एकेक करून लिव. घाई नाय. अजून खालचा टेंपो रिकामा व्हायचाय!"